मनाचा हक्क

दर वर्षी ६ डिसेंबरला दादरचे रस्ते माणसांनी भरून जातात. गावोगावचे लोक रेल्वेने, एस.टी.ने येतात. समुद्रकिनारी चैत्यभूमी आहे. तेथे ते रांगेत उभे राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करतात. यांतील अनेकांच्या वाडवडिलांनी १९५६ साली बौद्ध धर्म स्वीकारला होता.

बाबासाहेब परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. १९१३ साली ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली एक दुरुस्ती झाली होती. त्या दुरुस्तीमुळे तेथील संसदेला कोणताही धर्म सरकारी धर्म ठरवता येत नाही आणि कोणाच्या धर्माचरणाला बंदी घालता येत नाही. तरीही तेथील लाखो काळी माणसे १८६५ पर्यंत गुलामच होती. कागदावरचा हक्क सर्वांपर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्याकडे अस्पृश्य मानलेल्या लोकांना देवळात प्रवेश नव्हता. त्यासाठी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. तेव्हा १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्म बदलण्याचा निश्चय जाहीर केला. पुढच्या वर्षी दादरजवळ नायगावला परिषद भरली. धर्म का बदलायचा, हे त्यांनी लोकांना तेथे समजावून सांगितले. मात्र त्यांनी घाई केली नाही. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी विचार केला, निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला.

या काळात देश स्वतंत्र झाला. घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या पंचविसाव्या कलमात आधी विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सांगितले आहे. मग धर्म मानण्याचे, पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांना बाधा येता कामा नये. तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा हक्क दिला. उर्दू शाळांनाही या कलमाचा आधार आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरला, त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीही असंख्य लोकांनी दीक्षा घेतली.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळेनात. त्या मिळायला १९९० साल उजाडले. तरी लोक आपल्या निर्णयापासून हटले नाहीत.

धर्म बळजबरीने देता येत नाही आणि बळजबरीने टिकवताही येत नाही. जो हक्क आपल्याला हवा, तोच शेजाऱ्यालाही आहे. हे मानले, तरच कायद्याचे शब्द खरे होतात.

शब्दार्थ
वाडवडील – पूर्वज
विवेकबुद्धी – बरे-वाईट ओळखणारे मन
मसुदा – कच्चा लेख
बाधा – अडथळा, नुकसान

स्वाध्याय
१. काळाराम मंदिराचा सत्याग्रह कशासाठी होता?
२. पंचविसाव्या कलमाने कोणते स्वातंत्र्य दिले? त्याला कोणत्या मर्यादा आहेत?
३. ‘कागदावरचा हक्क सर्वांपर्यंत पोहोचला नव्हता’ असे का म्हटले आहे?
४. वाक्यात उपयोग करा : किंमत मोजणे, अमलात येणे.