परग्रहवासीयांची शिदोरी

परग्रहावरील अंतराळवीरांसाठीं विनोदी पक्वान्नें कल्पिणें हा बुद्धीचा उत्तम व्यायाम होय. परंतु विनोदासही नियम असतो. १९६५ सालीं जेमिनी ३ यानांत जॉन यंग ह्यांनीं लपवून सँडविच नेलें. भारहीन अवस्थेंत चुरा खालीं बसत नाहीं. तो तरंगत यंत्रांत शिरण्याचें भय असतें. म्हणून एका घासानंतर तें सँडविच खिशांत गेलें!

मग आमच्या तीन तोंडांच्या पाहुण्यास चिवडा कसा वाढावा? आम्ही त्यास ‘आज्ञाधारक चिवडा’ देऊं: गुळाच्या पाकांत घट्ट वळलेला, प्रत्येक तोंडास एका घासाचा एकेक लाडू.

विद्यार्थिमित्रहो, पाहुणा काल्पनिक असो. चुरा मात्र खराच मानावा. सृष्टिनियम पाळणारी कल्पनाच हंसवितां हंसवितां शिकविते.