अंतरावरून शस्त्रक्रिया

७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील रुग्णालयात एका ६८ वर्षांच्या स्त्रीचे पित्ताशय काढण्यात आले. शस्त्रक्रिया तशी नेहमीचीच. परंतु ती करणारे शल्यविशारद प्रा. जॅक मारेस्को त्या वेळी अटलांटिक महासागरापलीकडे, न्यूयॉर्कमध्ये बसलेले होते. रुग्णाच्या उदरातील हत्यारे यंत्राचे हात चालवीत होते आणि त्या हातांना आज्ञा मिळत होती ती मारेस्को यांच्या हालचालींतून. ५४ मिनिटांत काम पूर्ण झाले आणि दोन दिवसांनी रुग्ण घरी गेली. १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने विमान नेणाऱ्या लिंडबर्गचे नाव या प्रयोगास देण्यात आले.

‘यंत्रमानव’ म्हटले की आपोआप काम करणारे मनुष्याकृती यंत्र डोळ्यांपुढे येते. ती कल्पना येथे बाजूस ठेवावयास हवी. हे यंत्र स्वतः होऊन काहीच ठरवीत नाही. उदरावर लहान छेद देऊन त्यांतून एक कॅमेरा व बारीक हत्यारे आत सोडलेली असतात. शल्यविशारद पडद्यावर आतील चित्र पाहत दोन मुठी हलवितो. मुठींची प्रत्येक हालचाल मोजली जाऊन तिचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे तारेने पलीकडे जातात आणि तेथील मोटारी हत्यार तेवढेच फिरवितात. मध्यंतरी संगणक दोन उपयुक्त कामे करतो. हाताचा सूक्ष्म कंप तो गाळून टाकतो, आणि मुठीची मोठी हालचाल हत्याराच्या टोकाशी लहान करून पोहोचवितो. स्पर्श मात्र अनेक यंत्रांत हरवतो. टाका किती ताणला गेला हे बोटांना न कळता डोळ्यांनीच ताडावे लागते.

खरी अडचण अंतराची नसून विलंबाची आहे. आज्ञा गेली, हत्यार हलले आणि त्याचे चित्र परत आले, एवढ्यास लागणारा वेळ वाढला तर हात पुढे जातो व डोळा मागे राहतो. सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे ३३० भागांपर्यंतचा विलंब सुरक्षित वाटतो, असे पूर्वतयारीच्या प्रयोगांत आढळले होते. प्रत्यक्षात तो सरासरी १५५ भाग राहिला. त्यातही मोठा वाटा चित्राचे संकेतांत रूपांतर करण्याचा व ते पुन्हा उलगडण्याचा होता. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; त्यास महासागर फारसा मोठा नव्हे. उपग्रहाचे तसे नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आज्ञा वर जाऊन खाली येणार आणि चित्रही तसेच, म्हणजे केवळ प्रवासातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. म्हणूनच या प्रयोगासाठी समुद्राखालून जाणारी राखीव काचतंतूची वाहिनी वापरण्यात आली.

अर्थात अशी राखीव वाहिनी हे खर्चाचे काम, आणि स्ट्रासबर्गमध्ये तज्ज्ञांची वाणही नव्हती. त्या दृष्टीने कॅनडातील पुढचा प्रयत्न अधिक बोलका ठरतो. २००३ पासून हॅमिल्टन येथील डॉ. मेहरान अन्वरी यांनी सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या नॉर्थ बे या लहान शहरातील रुग्णांवर वीसहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, त्याही दूरध्वनी कंपनीच्या व्यापारी जाळ्यावरून. तेथील स्थानिक शल्यविशारद यंत्राशेजारी उभे राहून काम करीत व अवघड भाग जाणकाराच्या हाती सोपवीत. रुग्णाला गाव सोडावे लागले नाही आणि स्थानिक डॉक्टरांचे शिक्षणही झाले.

भारतात डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिर परिसरात बसून सुमारे ३२ किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली रोहिणी यंत्राच्या साहाय्याने मोकळी केली.

या तिन्ही ठिकाणी रुग्णाजवळची खोली रिकामी नव्हती. भूल देणे, छेद घेऊन हत्यारे आत बसविणे, ती बदलणे, रक्तस्राव होताच धाव घेणे, ही कामे तारेवरून होत नाहीत. संपर्क तुटला तर तेथल्या तेथे शस्त्रक्रिया हाती घेईल असा डॉक्टर उपस्थित असावाच लागतो. जेथे भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे आणि वीज दिवसातून दोनदा जाते, तेथे हे यंत्र आणून ठेवले तरी ते झाकूनच राहील. नॉर्थ बे येथे ते चालले, कारण तेथे शस्त्रक्रियागृह, परिचारिका आणि शल्यविशारद आधीपासूनच होते.