लेह नगरांतील पंगत
(वाचा : याकोब २ : १–९)

लडाखचें मुख्य नगर लेह हें समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंचीवर आहे. तेथें पाऊस फारच थोडा; बर्फाचें पाणी पाटांनीं आणून लोक जव पिकवितात. पूर्वीं यार्कंदचे व्यापारी तांडे येथें उतरत. इ. स. १८३४ मध्यें डोग्रा सैन्यानें स्वारी केली व पुढें तेथील राजांचें राज्य गेलें.

बौद्ध धर्म जातिभेद शिकवीत नाहीं. तरी तेथें मोन व बेदा या वाजंत्र्यांस आणि गारा म्हणजे लोहारांस पिढ्यान्‌पिढ्या हलकें लेखीत आले. त्यांच्याशीं सोयरीक नाहीं. पंगतींत त्यांची जागा शेवटची. ज्यांच्या वाद्यांवांचून लग्नाला शोभा नाहीं, त्यांनाच लग्नांत खालीं बसविणें! हें वाचून आपणांस आपलें गांव आठवेल.

१८८५ सालीं मोरेव्हियन मिशनानें लेह येथें काम आरंभिलें. योसेब गेर्गन यांनीं भाषांतरासाठीं कित्येक वर्षें श्रम केले. ते १९४६ सालीं निवर्तले, आणि संपूर्ण तिबेटी पवित्र शास्त्र १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतही याकोबाची हीच ताकीद आहे. परंतु ग्रंथ हातीं आल्यानें पंगत आपोआप बदलत नाहीं. हें आम्हांसही लागू आहे.

म्हणून प्रचारक बंधूंनीं या आठवड्यांत मंडळीस विचारावें : प्रभुभोजनास आपण एकत्र येतों; मग लग्नाच्या जेवणांत आपल्या पंगती दोन कां?