चिठ्ठीवाटे आलेलें व्यसन

अफू म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें अड्डा व तेथें झिंगून पडलेला मनुष्य उभा राहतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ संस्थानांत हें व्यसन डॉक्टरांच्या चिठ्ठीवाटे घरांत शिरलें.

तेथील पुष्कळ लोक कोळशाच्या खाणींत राबून पाठदुखीनें गांजलेले. १९९६ सालीं परड्यू फार्मा या कंपनीनें ऑक्सिकॉन्टिन नांवाची गोळी विक्रीस आणली. तिच्यांतील ऑक्सिकोडोन हें द्रव्य अफूच्याच एका अंशापासून बनवितात. औषध शरीरांत सावकाश उतरतें, सबब व्यसनाचें भय थोडें, असें कंपनीचे प्रतिनिधि डॉक्टरांस सांगत. पुढें २००७ सालीं कंपनीनें न्यायालयांत गुन्हा कबूल करून सुमारें ६० कोटि डॉलर भरले. पण तोंवर अनेक घरांत गोळ्या पोंचल्या होत्या.

हें द्रव्य मेंदूंत वेदना दाबतें, त्याचबरोबर श्वासोच्छ्वास चालविणारें केंद्रही मंद करतें. शरीर संवयीचें झालें कीं तेवढ्याच गोळीनें भागत नाहीं; बंद करावी तर मळमळ, घाम, अंगदुखी व निद्रानाश पाठीस लागतात. मग मात्रा वाढते, आणि एखाद्या रात्रीं झोपेंतच श्वास थांबतो.

आतां थोडें गणित. २००७ ते २०१२ या सहा वर्षांत घाऊक व्यापाऱ्यांनीं या संस्थानांत हायड्रोकोडोन व ऑक्सिकोडोन यांच्या ७८ कोटि गोळ्या पाठविल्या. लोकसंख्या सुमारें १८ लाख; म्हणजे तान्ह्या मुलांसह दरडोई ४३३. याच दोन औषधांच्या अतिमात्रेनें त्या काळांत १,७२८ माणसें मेलीं. केर्मिट या सुमारें ४०० वस्तीच्या गांवीं एकाच दुकानांत दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या. दूरदूरचे लोक तेथें येत, हें खरें. तरी भागाकार करून पाहाच. संशयास्पद मागणी सरकारास कळविण्याचें बंधन व्यापाऱ्यांवर होतें. एरिक आयर या स्थानिक बातमीदारानें हे आंकडे २०१६ सालीं उजेडांत आणले, आणि पुढील वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें.

गोळ्या दुर्मिळ होतांच व्यसनी हेरॉइनकडे वळले. त्यामागून मॉर्फीनच्या सुमारें शंभरपट तीव्र असें फेंटानिल आलें. १५ ऑगस्ट २०१६ रोजीं हंटिंग्टन शहरीं कांहीं तासांतच पंचवीसहून अधिक लोक अतिमात्रेनें कोसळले.

२०१८ च्या कायद्यानें अल्पवयीन मुलास अशीं औषधें एका चिठ्ठीवर तीन दिवसांपुरतींच देण्याची मर्यादा घातली. नालोक्सोन नांवाचें औषध नाकांत फवारल्यास थांबूं लागलेला श्वास परत येतो. मात्र त्याचा परिणाम तास-दीड तासांत ओसरतो, आणि विष अंगांत अद्याप उरलेलें असल्यास श्वास पुन्हां मंदावतो. म्हणून रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें लागतें.