कोशेर कोंबडी आणि औषधाला न जुमानणारे जंतू



गेल्या हिवाळ्यात माझ्या वहिनींची नात, अवघी आठ महिन्यांची पोर, ताप आणि जुलाबांनी इस्पितळात होती. तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. नेहमीची दोन औषधे या जंतूवर चालत नाहीत, तिसरे टोचून द्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. ते लागू पडले आणि देवाच्या दयेने पोर आता घरभर रांगते आहे. पण जाताजाता डॉक्टरांनी विचारले होते, "घरात कच्ची कोंबडी हाताळता ना?" त्या एका प्रश्नाने वहिनींची झोप उडाली. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या अंगणात त्यांनी मला गाठले. "वन्सं, तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत, तुम्हीच सांगा. मी कोशेर नसलेलं मांस कधी घरात आणलं नाही. आणि पोरीनं तर कोंबडीचा घासही खाल्ला नाही. मग माझ्या हातून काय चुकलं?"

दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा पाठ.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोंबडीला दिलेले औषध मांसात उरते आणि ते आपल्या पोटात जाते, एवढीच भीती पुष्कळांना वाटते. तो प्रश्न वेगळा आहे. कापण्यापूर्वी ठराविक दिवस औषध बंद ठेवण्याचा नियम त्यासाठीच असतो. आपला प्रश्न जिवंत जंतूंचा आहे. कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. अँटिबायॉटिक दिले की त्यांतील बहुतेक मरतात. ज्या थोड्यांना ते बाधत नाही ते मागे राहतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचाच वंश वाढतो. औषध थोडेथोडे आणि रोज दिले तर ही निवड रोज चालते. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा दिला होता.

तो इशारा बाजूला पडायला फार वर्षे लागली नाहीत. १९५० साली अमेरिकेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स या दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, ऑरिओमायसिन हे औषध खाद्यात किंचित मिसळले तर कोंबड्यांची पिले लवकर वाढतात. आजारी पिले बरी होतात असे नव्हे, चांगली धडधाकट पिले लवकर वजन धरतात! पोल्ट्रीवाल्याला आणखी काय हवे? एकाच छपराखाली हजारो पक्षी दाटीवाटीने ठेवायचे आणि खाद्याच्या पोत्यातूनच औषध चारायचे, ही पद्धत जगभर पसरली. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. स्वस्त कोंबडी आपल्यालाच हवी होती.

याचा माणसाशी संबंध काय, हे दाखविणारा एक प्रयोग मी वर्गात नेहमी सांगत असे. डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शेतावर काही पिलांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले आणि काहींना साधे. सुमारे आठवड्याभरातच औषध खाणाऱ्या पिलांच्या आतड्यातील बहुतेक जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पुढे काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जंतू वाढले. शेजारच्या घरांतील माणसांत मात्र तसे झाले नाही. ही माणसे औषध घेत नव्हती. सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. पिलांना औषध एकच दिले होते, पण त्यांच्यातील जंतू आणखी कितीतरी औषधांना निर्ढावले. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला.

एका औषधाने दुसऱ्या औषधाची ढाल कशी मिळाली? आपल्या घरातील उदाहरण घेऊ. एखादीला मलीदा सुरेख जमतो. तिने कृती चिठ्ठीवर लिहून शेजारणीला दिली, शेजारणीने जावेला दिली, की सगळ्या आळीत तसाच मलीदा होऊ लागतो. त्यासाठी तिच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही. जंतूंचेही असेच आहे. त्यांच्या शरीरात प्लाझ्मिड नावाचे सुटे वेटोळे असते. त्यावर औषधापासून बचावाच्या युक्त्या लिहिलेल्या असू शकतात, आणि एक जंतू दुसऱ्याला, परक्या जातीच्या जंतूलासुद्धा, त्याची नक्कल देतो. एकाच चिठ्ठीवर चारपाच कृती असल्या तर एकीची गरज पडली तरी साऱ्याच हातोहात जातात.

आता आपल्या इस्रायलकडे येऊ. २००७ च्या सुमारास येथे साल्मोनेलाचा इन्फँटिस नावाचा प्रकार झपाट्याने वाढला. (नावावरून तो फक्त तान्ह्या मुलांना होतो असे समजू नये.) तेल हाशोमेर येथील संशोधकांनी ८७ नमुने तपासले आणि नव्याने पसरणारे हे जंतू एकाच कुळातील आहेत, असे २०१० साली दाखविले. टेट्रासायक्लिन आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिमची जोडगोळी ही आपल्या ओळखीची औषधे त्यांच्यापुढे लटकी पडत होती. २०१४ साली त्यांच्यातील मोठे प्लाझ्मिड उलगडण्यात आले. औषधांपासून बचाव आणि रोग बळावण्याचे गुण, दोन्ही त्या एकाच वेटोळ्यावर होते. या जंतूचा मुख्य वास कोंबड्यांत. पुढे त्याच्या जवळच्या नात्यातील प्लाझ्मिडे युरोपात आणि अमेरिकेतही कोंबड्यांमध्ये सापडली.

आता वहिनींच्या कोशेरच्या प्रश्नाकडे. हलाल करण्याचे, तपासण्याचे, अर्धा तास भिजवून तासभर मिठात ठेवण्याचे आपले नियम धर्माज्ञा म्हणून आहेत आणि त्यांचा हेतू मांसातील रक्त काढणे हा आहे. मिठाने वरचे काही जंतू कमी होतील, पण सगळे मरत नाहीत. आणि साल्मोनेला बाळगणारी कोंबडी बहुधा आजारी दिसतच नाही, तेव्हा तपासणाऱ्याला ती ओळखू येणार कशी? न्यूयॉर्क परिसरातील दुकानांतून २०१२ साली कच्च्या कोंबडीचे दोनशेच्या वर नमुने घेऊन त्यांतील ई. कोलाय जंतू तपासण्यात आले. निर्ढावलेल्या जंतूंचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते कोशेर कोंबडीत, साध्या कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट. हा एकाच शहरातील अभ्यास आहे. त्यावरून कोशेर मांस वाईट असे कोणी म्हणू नये. पण कोशेरचा शिक्का हा जंतूंविरुद्धचा दाखला नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते. पक्षी शोखेतच्या हाती येण्याआधी पाचसहा आठवडे पोल्ट्रीत वाढलेला असतो. जे घडायचे ते तेथेच घडून गेलेले असते.

मग पोरीपर्यंत जंतू पोचला कसा? त्या घटनेत नेमके काय झाले हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी एका शुक्रवारी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून पाहिले मात्र. बर्फातील कोंबडी रात्रभर ओट्यावर सुटायला ठेवलेली. सकाळी नळ भरधाव सोडून ती धुतली. तुषार चहूकडे, शेजारी वाळत घातलेल्या बाळाच्या वाटीचमच्यावरसुद्धा. मग फळीवर तुकडे केले, फळी नुसत्या पाण्याने धुतली आणि तिच्यावरच काकडी चिरून तिचा तुकडा दात शिवशिवणाऱ्या बाळाच्या हाती दिला. वहिनींना मी काय बोलणार? चाळीस वर्षे माझ्याही घरी असेच चालत आले होते.

कोंबडी येथे बहुतेक मीठ लावून, धुऊनच विकतात. घरी पुन्हा नळाखाली धरण्याचे कारण नाही. ती शीतकपाटातच सुटू द्यावी. गोठविल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. कच्च्या मांसाची फळी आणि सुरी निराळी ठेवावी आणि साबण व गरम पाण्याने घासावी, हातही तसेच. वहिनींनी विचारले, "औषधाला दाद देत नाही तो उकळीला देईल का?" देतो! औषधाची ढाल आगीपुढे उपयोगाची नाही. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापले की निर्ढावलेला आणि साधा, दोघेही मरतात. नारळाच्या रसातील आपली कोंबडी खदखदून शिजते, तेव्हा पातेल्यातील कोंबडीची काळजी नको. काळजी पातेल्यात पडण्यापूर्वीची.

पण हा सारा भार आजीबाईंच्या फळीवर टाकणे मला पटत नाही. मूळ पोल्ट्रीत आहे आणि तेथे उपाय होतो, हे इतर देशांनी दाखविले आहे. स्वीडनने १९८६ सालीच वाढीसाठी औषध चारणे बंद केले, तेही शेतकऱ्यांच्याच मागणीवरून. युरोपीय संघाने २००६ च्या आरंभापासून तसे केले. २०१५ साली चीनमध्ये असे आढळले की, कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाला निकामी करणारा गुण डुकरांतील आणि कोंबड्यांतील जंतूंत प्लाझ्मिडवरून फिरतो आहे. त्यानंतर चीनने २०१७ साली वाढीसाठी ते चारणे थांबविले, आणि भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. आजारी पक्ष्याला औषध द्यावेच. धडधाकट पक्ष्याला पोत्यातून चारू नये, एवढेच मागणे आहे. ही कोंबडी अँटिबायॉटिकशिवाय वाढविली आहे का, असे दुकानात विचारायला लाजू नये. मी विचारते. पहिल्यांदा दुकानदार हसला. आता मला पाहिले की विचारण्याआधीच सांगतो.

वहिनींना मी सांगितले ते असे: तुमच्या धर्मात काही उणे नाही, फळी मात्र दुसरी घ्या. मांसाची आणि दुधाची भांडी आपण जन्मभर निराळी ठेवली. आता कच्च्याची आणि चिरलेल्या काकडीचीही निराळी. त्या म्हणाल्या, "मग कपाटात जागा करायला हवी, वन्सं," आणि त्याच दिवशी लाल रंगाची फळी घेऊन आल्या.