लाईट किती वाजता आली होती?

आमची विहीर आजोबांनी खणलेली. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन दोन घरांत विभागली गेली, पण विहीर काही कापून देता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर इतर हक्कांत दोन्ही घरांचा निम्मा-निम्मा हिस्सा लागला आणि पाळी ठरली: चार दिवस आमचे, चार दिवस चुलत्यांचे. दिवस मोजायचा तो संध्याकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मोटार एकच, वीजजोडणी आजोबांच्याच नावावर, बिल अर्धं-अर्धं. वडिलांनी आणि काकांनी ही पाळी सारा जन्म चालवली, कधी कागदावर घेतली नाही. मी आणि माझा चुलत भाऊ, ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणतो, आम्ही ती एका सकाळीत मोडली.

फेब्रुवारी 2016. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि विहिरीत जेमतेम पाणी होतं. दोघांच्याही रानात उन्हाळ कांदा उभा होता, लागण होऊन ऐंशी-एक दिवस झालेले. कांदा पोसायची हीच वेळ. या दिवसांत पाण्याचा ताण बसला की गाठ तेवढीच राहते, मग पुढे कितीही पाणी द्या.

माझी पाळी रविवारी संध्याकाळी सहाला सुरू झाली. मी गावात राहतो, दादा मळ्यातल्या वस्तीवर. सोमवारी सकाळी सहाला मी विहिरीवर गेलो तर मोटार चालू, आणि पाणी दादाच्या वाफ्यांत चाललेलं. पाळी माझी, पाणी त्याचं. मी स्टार्टर बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि परत फिरलो. पन्नास पावलांवर तो दारं धरून उभा होता. त्याला हाकही मारली नाही.

तासाभराने आम्ही दूध संकलन केंद्रावर समोरासमोर आलो. किटल्या घेऊन पंधरा-वीस माणसं उभी होती. तो काही बोलणार एवढ्यात मी म्हणालो, ‘विहीर एकट्या तुझ्या बापानं खणली नाही.’ काकांना जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. दादा पांढराफटक पडला. मग त्याने वाटणीच्या वेळचं काढलं, ओढ्याकाठचं काळं रान माझ्या वडिलांनी कसं पदरात पाडून घेतलं ते. मी त्याच्या वडिलांच्या आजारपणात कोणी किती पैसे दिले ते काढलं. पाण्याचा विषय पहिल्या दोन वाक्यांतच संपला होता. त्यानंतर आम्ही तीस वर्षांचा हिशेब मांडत होतो, आणि तोही गावासमोर.

जाताना तो म्हणाला, ‘बरं, तुमचं तुम्ही बघा.’ मला त्याने जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. आपल्याकडे परक्याला मान द्यायला वापरतात तो शब्द घरच्या माणसाने वापरला की समजावं, दार लागलं. त्या क्षणीच मी त्याच्यामागे जायला हवं होतं. गेलो नाही, कारण मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

हे मी मुद्दाम सांगतोय. पाळी खरोखर माझीच होती. ज्याची चूक असते तो भांडणात कुठेतरी कचरतो, त्याला आतून माहीत असतं. जो बरोबर असतो त्याला थांबवणारं आत काहीच नसतं. माझ्या हातून जे सगळ्यात वाईट बोललं गेलं, ते मी बरोबर असतानाच.

पुढची दोन वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याने पोलिसांत तक्रार दिली, ती अदखलपात्र म्हणून नोंदली गेली. मी दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावला. त्याने कैफियत दिली. तारखा पडत राहिल्या. वीजबिल कोणी भरायचं यावर अडलं. मला वाटे, मी सगळं भरलं तर त्याने फुकट पाणी घेतल्यासारखं होईल. त्यालाही तसंच वाटत असणार. कोणीच भरलं नाही आणि नोव्हेंबरात जोडणी तुटली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. विहीर वरपर्यंत भरलेली आणि आम्ही दोघंही काठावरून बघत बसलेलो. कांद्याचं रोप दोघांनीही टाकलं नाही. मी ओलीवर हरभरा पेरला, त्याचं अर्धं रान पडून राहिलं.

2017 च्या दिवाळीत काकूंच्या पाया पडायला गेलो. दादा घरी नसेल अशी वेळ बघून गेलो होतो. काकूंनी करंजी पुढे केली आणि विचारलं, ‘त्या रात्री लाईट किती वाजता आली होती, हे विचारलंस का रे त्याला कधी?’

मी विचारलं नव्हतं. पावणेदोन वर्षांत वकिलाला, पोलिसांना, सोयऱ्यांना, गावाला माझी बाजू किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. पण त्याला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. काकूंनी सांगितलं ते असं. त्याच्या चार दिवसांपैकी अडीच दिवस मळ्यातली डीपी जळालेली होती. वस्तीवर अंधार, फोनला चार्जिंग नाही. रविवारी रात्री दोनला लाईट आली. गावात येऊन मला उठवायचं तर मोटार सोडून यावं लागणार, आणि लाईट पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नाही. चार वाफे राहिले होते. ते भिजवून घेऊ आणि सकाळी त्याला सांगून आपल्या पुढच्या पाळीतले तेवढे तास त्याला देऊ, असं तो रात्री काकूंना म्हणाला होता. दूध केंद्रावर तो जे बोलणार होता, ते हेच.

गावात राहणाऱ्या मला डीपी जळाल्याचं कळलंही नव्हतं.

मी दादाकडे गेलो ते आठवड्याने. मध्ये आठवडा गेला कारण काय बोलायचं हे मला ठरवता येत नव्हतं. मनात जी वाक्यं तयार होत होती ती सगळी ‘पण’वर जाऊन थांबत होती. माझं चुकलं, पण तू सांगायला हवं होतंस. माझं चुकलं, पण तूही जमिनीचं काढलंस. शेवटी ठरवलं की ‘पण’च्या अलीकडचं बोलायचं आणि गप्प बसायचं. आणखी एक टाळलं: ‘माझं काही चुकलं असेल तर.’ ज्याला घाव बसलाय त्याच्यासमोर चूक झाली की नाही ही शंका काढणं म्हणजे तो घाव पुन्हा खरवडणं.

वेळ संध्याकाळची निवडली, धारा झाल्यानंतरची. माणूस दमलेला, उपाशी, कामाच्या घाईत असेल तर चांगलं बोलणंही त्याला टोचतं. कोणाला बरोबर नेलं नाही. आमच्याकडे असल्या वेळी चार शहाणी माणसं न्यायची पद्धत आहे आणि ती पुढे कामी येतेही, पण पहिल्या भेटीत साक्षीदार असले की माणूस त्यांच्यासाठी बोलतो. जे मी चारचौघांत मोडलं ते जोडायला मला एकट्यालाच जायचं होतं. फोनही केला नाही. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि शांतता झाली की दोघांनाही ती रागाची वाटते.

दाराशी जाऊन म्हटलं, ‘दादा, काकांवरून बोललो ते चुकलं. त्या रात्री काय झालं ते मला ऐकायचंय.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनींनी पाणी आणलं. मग तो बोलायला लागला आणि अर्धा तास बोलला. त्यातलं बरंच मला पटलं नाही. ओढ्याकाठच्या जमिनीची त्याची हकिगत आणि माझ्या घरातली हकिगत आजही जुळत नाही. तीन-चार वेळा जिभेवर उत्तर आलं. मी हातातला पेला घट्ट धरून बसलो. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. तो बोलून संपला तेव्हा मी त्याचंच त्याला परत सांगितलं: म्हणजे अडीच दिवस लाईट नव्हती, दोनला आली, चार वाफे राहिले होते, आणि सकाळी तू मला सांगणार होतास. तो म्हणाला, ‘हां. एवढंच.’ आणि मग विचारलं, ‘चहा घेशील?’ घेशील, म्हणाला. घ्याल नाही.

तुमच्या घरात, भावकीत, सोसायटीत, कामाच्या ठिकाणी असं काही धुमसत असेल तर माझी पहिली विनंती एवढीच आहे. आपली बाजू मांडायच्या आधी त्याची हकिगत त्याच्याच तोंडून ऐका, आणि विचारताना ‘का’ने सुरुवात करू नका. ‘का केलंस?’ हा प्रश्न कानाला आरोपासारखाच लागतो. ‘काय झालं होतं?’ म्हटलं की माणूस सांगायला लागतो. आणि बोलायचं ते झाल्या गोष्टीवर. ‘सोमवारी सकाळी माझ्या पाळीत मोटार चालू दिसली, मला राग आला’ एवढं वाक्य मी तेव्हा बोललो असतो तर त्याला उत्तर होतं. ‘तुझं नेहमीचंच आहे’ या वाक्याला उत्तर नसतं, त्यावर फक्त प्रतिहल्ला होतो. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुम्ही लोक’, आणि कोणाच्याही आईबापाचं नाव, हे भांडणात तोंडातून जाऊ द्यायचं नाही, असं मी माझ्या मुलांना सांगत असतो. राग आवरत नसेल तर तसं सांगून उठावं: ‘आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, उद्या सकाळी बोलू.’ आणि उद्या सकाळी खरंच जावं. न सांगता उठून गेलं तर समोरचा तो अपमान समजतो.

मनं मोकळी झाली म्हणजे वाद मिटला असंही नाही. डीपी पुन्हा जळणार होती, लाईट पुन्हा रात्रीअपरात्री येणार होती. काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळणाऱ्या शेतीत ‘चार दिवस तुझे, चार माझे’ ही पाळीच अपुरी होती. वडिलांच्या काळात ती चालली ती दोघांच्या समजुतीवर. म्हणून आम्ही बसून पाळी तासांवर आणली. लाईट जितके तास असेल तितकेच तास मोजायचे, गेलेले तास पुढच्या फेरीत भरून द्यायचे. मोटारीच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगली. मोटार सुरू केली की वेळ लिहायची, बंद केली की वेळ लिहायची. तास वेगळे मिळाले तर रात्री कितीही वाजता फोन करायचा. पुष्कळ भांडणांच्या मुळाशी माणसांच्या स्वभावापेक्षा अशी एखादी न लिहिलेली, अर्धवट ठरलेली गोष्ट असते. ती सापडली तर तिची दुरुस्ती करा.

थकलेलं बिल दोघांनी भरून जोडणी पुन्हा घेतली. 2018 मध्ये दावा राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवून मिटवला. ज्यांचे असे दावे पडून आहेत त्यांनी हा मार्ग जरूर विचारावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीतल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं, त्यावर अपील होत नाही आणि दाव्यासाठी भरलेलं न्यायालय शुल्क परत मिळतं. गावपातळीवर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली, तिच्या समित्यांनीही अनेक ठिकाणी बांधाचे, पाण्याचे वाद बसून मिटवले. पण समितीसमोर बसायच्या आधी दोन माणसांनी एकमेकांचं ऐकलेलं असलं तर तिथे सह्या लवकर होतात आणि टिकतात.

शांतपणे बोलून सगळंच सुटतं, असं मात्र मी म्हणणार नाही. हात उगारला जात असेल, धमक्या येत असतील, घरात बाईला मारहाण होत असेल, तर तिला ‘समजुतीने घे’ सांगणं हा अन्याय आहे, तिथे पोलिसांकडेच जायला हवं. कोणी विहिरीच्या पाण्याचा वापर किंवा शेतरस्ता अडवून ऐकतच नसेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हक्कासाठी दाद मागण्यात कमीपणा नाही. अर्जातही शिवीगाळ न करता, तारखा आणि वेळा देऊन लिहिलं तर ते जास्त पोचतं.

आमच्यातलं सगळं पूर्वीसारखं झालं नाही. दूध केंद्रावर ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यातले काही अजून आम्हा दोघांकडे बघून थांबतात. मी तिथेही, त्याच वेळेला, लोकांसमोर दादाची माफी मागितली. चारचौघांत बोललेलं घरात बसून परत घेता येत नाही, असं मला वाटलं. त्याने मान हलवली, बोलला काही नाही. ओढ्याकाठच्या जमिनीवर आम्ही बोलत नाही. कदाचित बोलणारही नाही.

वही आता तिसरी चालू आहे. मागच्या आठवड्यात रात्री दीडला फोन वाजला. ‘लाईट आली रे. तुझे तीन तास राहिलेत. येतोस, की मी सुरू करू?’

म्हटलं, ‘तूच सुरू कर, दारं धरायला मी येतोच,’ आणि बॅटरी घेऊन मळ्याकडे निघालो.