हाताला वाणीची जोड

लहान मुलांना काही वर्षे घरीच शिकवावे, हस्तकलेतून, वाचनातून आणि भ्रमंतीतून त्यांच्या बुद्धीची जोपासना करावी, हा विचार ज्या मातापित्यांच्या मनात घोळू लागला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या गावी आम्ही उभयतांनी आपल्या दोन अपत्यांना प्राथमिक वयात घरी शिकविले. त्या उपक्रमाने आमच्या घराला जो आनंद दिला तो शब्दांत मावणारा नाही. परंतु ज्या एका ठिकाणी हा मार्ग नकळत वाकडा होतो, ते ठिकाण मागून येणाऱ्या वाटसरूस आधीच ठाऊक असावे, असे मला तीव्रतेने वाटते.

२०२० सालच्या मार्च महिन्यात शाळांची दारे बंद झाली, तेव्हा आमचे बिऱ्हाड शिरूरला होते आणि यजमानांची नोकरी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत होती. थोरल्या मुलास नुकतेच सहावे वर्ष लागले होते, धाकटी मुलगी अजून बोबडे बोलत होती. पडद्यावरच्या तासांना मुलगा कंटाळे, आणि तोच मुलगा मातीचा गोळा हाती आला की जेवणखाण विसरे. हे पाहून, शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही काही काळ घरीच शिकवावे असे आम्ही ठरविले.

शिरूर हे घोडनदीच्या काठचे गाव. जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. नदीकाठची चिकणमाती, ज्वारीची धाटे, चिंचोके, सुगडी, भाकरीच्या टोपलीचे मोडके कड, अशा सामग्रीची येथे वाण नाही. पोळ्याला मुलाने मातीची बैलजोडी केली, धाटाच्या सालीची आणि आतल्या भेंडाची गाडी केली, दिवाळीत अंगणात किल्ला रचून त्यावर आळीव पेरले, आणि धाकटीने जाड सुईने गोणपाटावर धावदोरा घालण्यास आरंभ केला. घरातील फडताळे या वस्तूंनी भरून गेली; पाहुणे येत, कौतुक करीत, आणि आम्हांस वाटे की शिक्षण उत्तम चालले आहे.

याच काळात आम्ही मुलांना निघोजचे रांजणखळगे दाखविण्यास घेऊन गेलो. शिरूर तालुका आणि पारनेर तालुका यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या कुकडी नदीने काळ्या बेसाल्ट खडकात तेथे जे खोल, गोल, गुळगुळीत रांजण कोरले आहेत, ते पाहून मोठी माणसेही स्तिमित होतात. पुढे माझ्या सासूबाई मुक्कामास आल्या आणि त्यांनी नातवाला मोठ्या उत्सुकतेने विचारले, “काय रे बाळा, काय पाहिलेस तिथे?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजी, दगड होते, मोठे दगड. आणि पाणी होते.” त्यापलीकडे त्याला काही सांगता येईना. दगड गोल का झाले, पाणी कोणत्या नदीचे, रांजणाच्या तळाशी जे गोटे दिसले त्यांचे तेथे काय काम, यांपैकी एकाही प्रश्नाला त्याच्यापाशी शब्द नव्हता. बैलजोडी कशी केलीस असे विचारता त्याने बैलच आजीच्या हाती ठेवला. हात तयार झाला होता, दृष्टी पुष्कळ काही टिपीत होती. परंतु वाणी आणि लेखणी मात्र मागे राहिली होती. घरी शिकविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ज्या धोक्याची आधी जाणीव असावी, तो हाच होय. वस्तू दिसतात, म्हणून त्यांची गणना होते. न उमटलेले शब्द दिसत नाहीत, म्हणून त्यांची उणीव कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढे यजमानांची बदली कुरकुंभला झाली आणि आम्ही दौंडला बिऱ्हाड हलविले. दौंड तालुक्यातील केडगाव हे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे स्थान. या निमित्ताने रमाबाईंचे आत्मनिवेदन मी लक्षपूर्वक वाचले, आणि माझ्या प्रश्नाचे दुसरे अंग मला तेथे दिसले. रमाबाईंचे संपूर्ण बालपण गृहशिक्षणात गेले. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने आपल्या कन्येला आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत स्वतः पढविले. आईने आपल्या मनाला असे वळण लावले की पुढचे शिक्षण फारशा मदतीवाचून आपले आपण चालविता आले, असे त्या कृतज्ञतेने नमूद करतात. हे सारे शिक्षण तीर्थयात्रेच्या वाटेवर, पुराणकथनाच्या निमित्ताने, गावोगाव हिंडत झाले. म्हणजे वाचन होते, वाणी होती, आणि आजच्या कोणत्याही सहलीने साधणार नाही एवढी भ्रमंतीही होती. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, यावरून त्या शिक्षणाचे सामर्थ्य कळते. परंतु दुष्काळाने कुटुंबावर घाला घातला, तेव्हा धर्मग्रंथांबाहेरचे काहीच ठाऊक नसल्याने आणि अंगमेहनतीचे काम येत नसल्याने आपण किती असहाय झालो, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवले आहे.

त्याच रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, आणि केडगावी अक्षरज्ञानाच्या जोडीला विणकाम, शेती, छपाई असे उद्योग मुलींच्या हाती दिले. आपल्या बालपणात जे उणे होते ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना भरून दिले, असा अर्थ मी त्यातून घेते. त्यांच्या बालपणी वाणीला हाताची जोड नव्हती. आमच्या घरी हाताला वाणीची जोड नव्हती. एकाच उणिवेची ही दोन रूपे आहेत, आणि ती भरून काढणे हेच घरच्या शिक्षकाचे मुख्य काम आहे.

हे साधावे कसे? आम्ही पुढे जो शिरस्ता घातला तो सांगते. कोणतेही काम असो वा कोणतीही सहल असो, तिच्या आधी एक प्रश्न असावा, चालू असताना एखादे मोजमाप असावे, आणि नंतर सांगणे व लिहिणे असावे. दौंड तालुक्यात उसाचा हंगाम आला की गुऱ्हाळे पेटतात. त्यांपैकी एकावर आम्ही गेलो. जाण्यापूर्वीचा प्रश्न साधा होता: पातळ रसाचा कठीण गूळ कशाने होतो? तेथे मुलांनी चरकातून पडणारा रस पाहिला, चुलवाणात चिपाडाचे जळण कसे सारतात ते पाहिले, काहिलीवर येणारी मळी काढताना पाहिली, आणि गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी कशी पारखतो हे श्वास रोखून पाहिले. शंभर किलो उसापासून साधारण दहा-बारा किलो गूळ उतरतो, हे कळल्यावर उरलेले वजन गेले कुठे, असा प्रश्न मुलाने स्वतःहून केला. आणि चिपाड व वाफ ही दोन उत्तरेही त्यानेच शोधली. घरी आल्यावर त्याने क्रमवार पाच वाक्ये लिहिली, धाकटीने काहिलीचे चित्र काढून तोंडी हकीकत सांगितली आणि मी ती तिच्याच शब्दांत चित्राखाली लिहून घेतली. ज्या मुलाला अजून लिहिता येत नाही, त्याचे कारकून आईबापांनी व्हावे. आपले बोललेले शब्द कागदावर उतरतात, हे ज्ञान अक्षरओळखीचा खरा पाया आहे.

हस्तकलेलाही हाच नियम लावावा. वस्तू करण्यापूर्वी तिचे आरेखन, करताना माप, आणि झाल्यावर साहित्याचा जमाखर्च. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत न रमलेल्या ग्रामीण तरुणांना प्रत्यक्ष कामातून शिकविणाऱ्या त्या संस्थेत लोहारकाम, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर आरेखन आणि खर्चाचा हिशेब यांनाही स्थान आहे. ते शिक्षण मोठ्या मुलांचे. तरी त्यातील तत्त्व सहा वर्षांच्या बालकालाही लागू पडते. पतंगाच्या कामट्या वितीने मोजणे, आकाशकंदिलाला किती कागद लागला हे लिहिणे, एवढे त्याच्या वयाला पुरेसे आहे. वस्तू थोड्या होऊ द्याव्यात; आठवड्यात एकच झाली तरी चालेल, पण तिची हकीकत पूर्ण असावी.

वाचनाच्या बाबतीत माझा आग्रह असा की, मूल स्वतः वाचू लागले तरी त्याला मोठ्याने वाचून दाखविणे बंद करू नये. रोज एक ठराविक वेळ, आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतरचा, त्यासाठी राखून ठेवावा. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ धाकटीला पाठ झाले. थोरल्याला साने गुरुजींच्या ‘गोड गोष्टी’ आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक पुरून उरले. शाळेची पाठ्यपुस्तके मात्र हेटाळू नयेत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्या त्या वयाच्या मुलाला काय यावे, याचा तो सर्वांत सुलभ मानदंड आहे. वर्षातून दोनदा आपल्या मुलाची त्याच्याशी निष्पक्षपणे तुलना करावी आणि जेथे उणे पडेल तेथे पुढील महिन्यांचा भर द्यावा.

सहलींविषयी दोन गोष्टी. पहिली म्हणजे दूरच्या प्रेक्षणीय स्थळांपेक्षा जवळची, पुन्हा पुन्हा जाता येणारी ठिकाणे निवडावीत. शिरूरची घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडजवळून वाहत उजनीच्या जलाशयाला जाते, हा एकच धागा धरून आमच्या मुलांचा भूगोल झाला. भिगवणच्या पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांची चोच उलटी करून चिखलपाणी गाळण्याची रीत आणि खाद्यातून पिसांना येणारा गुलाबी रंग यांवर मुले आठवडाभर बोलत राहिली. दौंडला मनमाडचा लोहमार्ग १८७८ साली जोडला गेला; पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे काढून दुसऱ्या टोकाला का लावावे लागे, हे आम्ही मुलांना कागदावर रूळ काढून समजावून दिले. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. रांजणखळग्यांचा खडक ओला असता अतिशय निसरडा होतो आणि काही रांजण माणूसभर खोल आहेत. पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडलेले असता, किंवा दोन मुलांमागे एकच मोठे माणूस असता तेथे जाऊ नये. गुऱ्हाळावर काहिलीजवळ मुलांचा हात क्षणभरही सोडू नये.

संगतीचा बंदोबस्त प्रथमपासून करावा. घरात शिकणाऱ्या मुलाला भाऊबहिणींशी भांडता येते, पण परक्या मुलाशी जुळवून घेता येत नाही. आम्ही आळीतील मुलांना संध्याकाळी अंगणात बोलावू लागलो, आणि आपल्या मुलांनी केलेले काम त्यांना शिकवावे असा पायंडा पाडला. समवयस्काला शिकविताना शब्दांची जेवढी गरज पडते तेवढी दुसऱ्या कशानेही पडत नाही, हा त्यातील अनपेक्षित लाभ.

आता कायद्याचा आणि कागदपत्रांचा विषय. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शाळेत दाखल करणे हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. त्याबद्दल पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, परंतु गृहशिक्षणाची स्वतंत्र तजवीजही त्यात नाही. म्हणून परतीची वाट सदैव मोकळी ठेवावी. आम्ही थोरल्यास शाळेत घालण्यास गेलो, तेव्हा एका कार्यालयात मागील इयत्तेचा दाखला नाही या सबबीवर अर्ज घेण्यास चालढकल झाली. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमान्वये, शाळेत न गेलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि उणीव भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, हे लेखी अर्जात नमूद केल्यावर काम मार्गी लागले. जन्मदाखला, आधार आणि मुलाच्या वह्यांचे तारीखवार दप्तर जपून ठेवावे. ज्यांना पुढेही घरीच शिकवावयाचे आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष परीक्षा, तसेच महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी व आठवी हे मार्ग आहेत. अर्जाच्या मुदती मात्र वेळेवर पाहाव्यात.

शेवटी एक विनंती. हे कार्य पत्करण्यापूर्वी घरातील कामाची वाटणी ठरवावी. एकट्या आईच्या खांद्यावर स्वयंपाक, सासर-माहेर आणि शाळा अशी तिन्ही ओझी पडली, तर सर्वांत आधी बोलणे-ऐकणे कमी होते आणि मुलाच्या हाती माती देऊन त्याला गुंतवून ठेवण्याची सवय लागते. ज्या धोक्याविषयी मी लिहिले त्याचा उगम बहुधा येथेच असतो. आमच्या घरी सकाळची हस्तकला माझ्याकडे आणि रात्रीचे वाचन यजमानांकडे, अशी विभागणी झाली तेव्हाच गाडी रुळावर आली. दर महिन्याच्या अखेरीस मुलाला एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्यापुढे बसवावे आणि त्या महिन्यात केलेले, पाहिलेले, वाचलेले त्याने आपल्या शब्दांत सांगावे. सलग काही महिने त्याचे सांगणे वाढत गेले, तर निर्धास्तपणे पुढे जावे. ते खुंटलेले दिसले आणि प्रयत्न करूनही हलले नाही, तर गावातील चांगली शाळा गाठण्यात क्षणाचाही संकोच करू नये, आणि हस्तकला, वाचन व सहली शाळेच्या जोडीने तशाच चालू ठेवाव्यात. कारण या तिन्ही गोष्टी शाळेत जाणाऱ्या मुलालाही तितक्याच हव्या असतात, आणि त्या देण्याचा आईबापांचा अधिकार कोणत्याही दाखल्यावर अवलंबून नाही.